प्रेसवाल्याची चूक
नव्या आवृत्तीची प्रुफं आज आली आणि पाकीट फोडताच शाईच्या वासाने मला अंकुशनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये नेऊन बसवलं. बाहेर साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प आणि आत चुलीपुढे भाकऱ्या थापणारी माझी धाकटी बहीण. मी एम. ए. करावं म्हणून नववीतच शाळा सोडून तिने घर सांभाळलं होतं. माझ्या कुमार कादंबरीचं प्रत्येक प्रकरण मी तिला वाचून दाखवायची आणि ती पिठाच्या हाताने मला थांबवायची. "अक्का, पोरी असं बोलत न्हाईत. ही तर मास्तरीण वाटून राह्यली." मी ते वाक्य खोडायची. पहिल्या पानावर तुझंच नाव, असा शब्द मी तिला दिला होता. पण पुस्तक छपाईला गेलं तेव्हा मला कॉलेजात नोकरी हवी होती, म्हणून अर्पणपत्रिकेत विभागप्रमुखांचं नाव घातलं. प्रतींचा गठ्ठा घरी आला, तेव्हा तिने हात धुऊन पहिलं पान उघडलं. "माझं नाव राह्यलं का गं?" "प्रेसवाल्याची चूक," मी म्हणाले. पुढे पुस्तकाला पुरस्कार मिळाला. सत्काराच्या दिवशी माझी शाल मांडीवर घेऊन ती शेजारच्या बायकांना सांगत होती, "माझं नाव होतं, प्रेसवाल्यानं खाल्लं." मी ऐकलं आणि हार सारखा करत राहिले. काल फोनवर तिने पुन्हा बजावलं, "या बारीला त्याला बराबर सांग." आजच्या यादीतलं पहिलं काम, तिचं नाव घालणं, दोन मिनिटांत झालं. दुसरं, चूक प्रेसवाल्याची नव्हती हे तिला सांगणं, अजून तसंच आहे.