पाच घरांचा पिक्चर

ते एकात्मतेचे दिवस होते. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या भिंतीवर, केळीच्या ट्रकांच्या पाठीवर, जिकडे पाहावं तिकडे आपण सगळे एक आहोत असं रंगवलेलं असायचं. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून चिकटलो होतो आणि रोज सकाळी मुलांकडून हेच वदवून घेण्याचा मला पगार मिळत होता. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या लोधीपुऱ्यातली माणसं एकमेकांकडे जितक्या संशयानं बघत होती, तितक्या संशयानं बघताना मी त्यांना पुढे कधीच पाहिलं नाही. कारण काय, तर पिक्चर.

झालं असं, की टीव्हीसाठी एक पिक्चर करायला चारदोन माणसं आमच्या बुऱ्हानपूरला आली. डायरेक्टर दाढीवाला, गळ्यात गमछा, बोलणं मऊ. आमच्या ओट्यावर बसून त्यानं वडिलांना हिंदीत समजावलं, की पिक्चरमध्ये हीरो नाही, हिरॉईन नाही. एका शहरातली पाच साधी घरं आहेत. यंत्रमागवाल्याचं एक, टांगेवाल्याचं एक, केळीच्या व्यापाऱ्याचं एक, राजघाटावर नावेवर पोट असलेल्याचं एक आणि आमच्यासारख्या मराठी दुकानदाराचं एक. पाच घरांच्या गोष्टी दिवसभर एकमेकींत गुंतत जातात, आणि कुणालाच ते माहीत नसतं.

वडिलांचं कापडाचं दुकान होतं. माल उलटून बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं. ते म्हणाले, "हीरोच नाही तर पब्लिक काय पाहील?"

"आपको देखेगी, भाऊसाहब."

"मला कशाला?"

डायरेक्टर हसला आणि विचारू लागला. सकाळी किती वाजता उठता, जेवताना घरात काय बोलणं होतं, शेजाऱ्यांशी कसं जमतं. तो गेल्यावर वडिलांनी दार लावलं आणि आम्हाला निकाल सांगितला. "हा पिक्चरवाला नाही. हा इन्कम टॅक्सवाला आहे."

आईचं मत वेगळं पडलं. तिला तो कुटुंबनियोजनवाला वाटला. मला मात्र तो अस्सल डायरेक्टर वाटला, कारण निघताना त्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं होतं. मी त्या दिवसापासून केसांना तेल जास्त लावू लागलो.

भिंतीपलीकडे मागवाले चाचा. त्यांच्या कारखान्याची आणि आमच्या स्वयंपाकघरामागच्या अंगणाची भिंत एकच. दिवसभर मागांचे धोटे इकडून तिकडे आपटत असायचे. आम्हाला मात्र तो आवाज ऐकू येत नसे. ऐकू येई तो थांबल्यावर. माग थांबले म्हणजे लाईट गेली, नाहीतर संप झाला, नाहीतर गावात काहीतरी वाईट झालं. झोपलेलं तान्हं पोर रडत उठे आणि अख्खी गल्ली दारात येऊन उभी राही. या मागांमुळे आमच्या घरातली सगळी माणसं मोठ्यानं बोलतात. खांडव्याला एका लग्नात आम्ही नुसती जेवणाची चौकशी करत होतो, तर पलीकडच्या पंगतीतले दोघे भांडण सोडवायला आले.

आणि एक. दुसऱ्या गावात गुपित कुजबुजून सांगतात. आमच्याकडे ते मागच्या भिंतीपाशी उभं राहून चांगलं ओरडून सांगत. मागांच्या धडधडीत शेजारच्यालाही काही कळत नसे.

वडील आणि चाचा वीस वर्षं रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर पान खात. पिक्चर एकात्मतेचा निघाला आणि या दोघांत बिनसलं. वडिलांना वाटे, चाचांनी आपल्याबद्दल काय सांगितलं असेल. चाचांना वाटे, भाऊसाहेबांनी काय सांगितलं असेल. "आमच्या घराची गोष्ट दुसऱ्याच्या घरात गुंतवायला आम्ही सांगितलंय का?" वडील म्हणत. पलीकडून चाचा आपल्या कारागिराला मोठ्यानं सांगत, "देखना भाई, पिक्चर में कौन शरीफ निकलता है और कौन चोर." टांगेवाला टांगा हाकताना मागं वळून बघू लागला. केळीवाल्यानं तर वखारीला पडदा लावला. शहराच्या गोष्टी गुंतायच्या त्या गुंतल्या, पण अशा.

आता आमच्या घरातली खरी गोष्ट सांगतो, जी कुणी डायरेक्टरला सांगितली नव्हती.

माझी ताई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून दिवसभर जळगाव, खांडवा, मुंबई जोडून द्यायची. पाच घरं कसली, तिच्या बोर्डावर निम्मं गाव गुंतलेलं असायचं, आणि घरी आल्यावर त्यातलं अक्षर ती बोलत नसे. तिला रावेरचं स्थळ आलं होतं. तुकईथडच्या मामांनी, म्हणजे आईच्या सख्ख्या भावानं आणलेलं. घर चांगलं, केळीचे मळे, मुलगा एकुलता. अट एवढीच, की नोकरी सोडावी लागेल, त्यांच्याकडे बायका बाहेर पडत नाहीत. येत्या रविवारी ती मंडळी सुपारी फोडायला येणार होती.

ताईला ते नको होतं. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि माझी खात्री आहे की वडिलांनाही माहीत होतं. पण वडिलांना ते कुणी सांगू शकत नव्हतं. ताई जवळ जाऊन "बाबा, एक बोलायचं होतं" म्हणाली, की ते कानावर हात ठेवत. "माग चालू आहेत. नंतर सांग." आई गेली तरी तेच. दुकानातली गिऱ्हाईकं मात्र त्यांना गल्लीच्या टोकावरून ऐकू येत.

शूटिंग सुरू झालं तसा माझा संशय दुसरीकडेच वळला. त्या लोकांत आवाज पकडणारा एक गृहस्थ होता. टक्कल पडलेला, चाळिशीचा, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ बोळा. वडिलांनी ताकीद दिली होती, "त्या काठीसमोर कुणी बोलू नका." आणि आमची ताई एक्स्चेंजमधून आली की नेमकी त्या काठीवाल्याशी ओट्यापाशी उभी राहून बोलत असे. एकदा तर तो हसला. मी खिडकीच्या गजाआडून पाहिलं. भावाचं कर्तव्य म्हणून मी धावत जाऊन आईला सांगितलं.

आई भाकरी थापत होती. "अस्सं? काय बोलत होती?"

"ते ऐकू आलं नाही. पण तो हसला."

"हसू दे. दात बरे आहेत का त्याचे?"

एवढ्या गंभीर गोष्टीवर ती असं म्हणाली, म्हणून मी आईवरही संशय घेऊ लागलो.

शुक्रवारी आमच्या घराचा मुख्य सीन होता. वडील ओट्यावर बसून बशीतून चहा पितात, समोरून टांगा जातो, टांग्यामागून सायकलवर एक इसम जातो. तो इसम मी. तेल त्यासाठीच लावलं होतं हे मला तेव्हा कळलं. वडिलांनी कितीतरी वेळा चहा प्यायला. दर वेळी काठीवाला कानातली यंत्रं काढून मान हलवी. मागांच्या आवाजात बशीचा भुरकाच येत नव्हता, आणि डायरेक्टरला तो भुरका पाहिजे होता.

शेवटी तो चाचांकडे गेला. चाचा आधी नाही म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की नाही म्हटलं तर पिक्चरमध्ये आपणच चोर ठरायचो. ते दारात येऊन म्हणाले, "भाऊसाब के वास्ते बंद करता हूँ. दो मिनिट."

आईनं आतून नवा चहा पाठवला. डायरेक्टरनं हात वर केला. चाचांनी बटण दाबलं. एकेक माग धापा टाकत थांबला.

गल्लीत जे व्हायचं तेच झालं. दारं उघडली, माणसं बाहेर आली. काय झालं, कोण गेलं, म्हणून बघू लागली. डायरेक्टरनं ओठांवर बोट ठेवलं तशी सगळी गप्प राहिली. मी एक पाय पेडलवर ठेवून टांगा निघायची वाट पाहत होतो. वडिलांनी बशी ओठांपर्यंत नेली.

आणि मागच्या अंगणातून ताईचा आवाज आला, मागांच्या पट्टीतला. "मला नाही जायचं त्या घरात, मी किती वेळा..."

ताई तिथेच थांबली. पण आई थांबली नाही.

"नाही जायचं तर नको जाऊ. मला कुणी विचारलं होतं का? तुकईथडहून उचललं अन् या धडधडीत आणून टाकलं. सहा महिने झोप नव्हती. काही सांगायला गेलं की म्हणायचं, माग चालू आहेत, नंतर सांग. ते नंतर अजून आलं नाही. आता तुझं पण तेच करायचंय. अन् रावेरला तर माग पण नाहीत. तिथले लोक ऐकू येत नाही म्हणून काय सांगतील, तेवढं मला बघायचंय."



टांगा हलला नाही. घोड्यानं तेवढी शेपटी हलवली. वडिलांची बशी ओठाशी होती तशीच होती. चहा बशीच्या काठावरून त्यांच्या धोतरावर पडत होता आणि त्यांना कळत नव्हतं. कॅमेरा चालू होता, केसाळ बोळा त्यांच्या डोक्यावर लोंबत होता, आणि समोर सगळी गल्ली उभी होती.

"चालू करा माग," वडील हळू म्हणाले. त्यांना इतकं हळू बोलता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

चाचा डायरेक्टरकडे बघून म्हणाले, "साब बोलेंगे तब न, भाऊसाब."

डायरेक्टरनं हात वरच ठेवला. नुसता बघत राहिला. त्या शांततेत वडिलांना बसून राहावं लागलं. पान खाता येईना, उठता येईना, नंतर सांग म्हणता येईना. मला वाटलं आता ते बशी फेकतात. त्यांनी बशी खाली ठेवली. मान घराकडे वळवली आणि आपल्या नेहमीच्या, मागांच्या पट्टीत म्हणाले,

"ऐकू आलं."

आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.

"मला ऐकू आलं म्हटलं."

तेव्हा डायरेक्टरनं हात खाली केला आणि माग सुरू झाले.

जेवताना वडील चौकशीला बसले. "कुणी शिकवलं हे? त्या दाढीवाल्यानं?"

"कुणी काय शिकवायचं?" आईनं वाढता वाढता विचारलं.

"सगळ्या गल्लीसमोर."

"मला काय माहीत. माग चालू असताना कुणाला काही ऐकू येत नाही, असं तुम्हीच म्हणता."

"माग बंद होते."

"हो का?" आई म्हणाली. "मला कळलंच नाही."

ताई ताटात बघत होती. मी आईची बाजू घेतली. म्हटलं, बाबा, तिच्या बिचारीच्या खरंच लक्षात आलं नसेल. वडिलांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ते फक्त रंग जाणाऱ्या कापडाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसनं तुकईथडला गेले. मामांना त्यांनी काय सांगितलं ते मामांनीच पुढे आम्हाला ऐकवलं, फार दुखावून. म्हणाले, "भाऊजी म्हणतात, मुलीच्या आईची मर्जी नाही. आता ती माझी बहीण. तिची मर्जी नाही हे मला त्यांनी सांगायचं?" रविवारी रावेरहून कुणी आलं नाही. आईनं त्या दिवशी पुरणपोळी केली. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

ताई एक्स्चेंजमध्येच राहिली. पुढे काही वर्षांनी तिनं खांडव्याच्या एक्स्चेंजमधल्या एका माणसाशी लग्न ठरवलं. त्याला ती आधी फक्त आवाजानं ओळखत होती. ते वडिलांना सांगायला ती सरळ दुकानात गेली, गिऱ्हाईक असताना.

पिक्चर टीव्हीवर आला तो एका दुपारी. आमच्याकडे टीव्ही होता म्हणून निम्मी गल्ली आमच्या बैठकीत मावली होती. चाचा वडिलांच्या शेजारी खुर्चीवर. दोघांचं पान सीन झाला त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं होतं. पिक्चरमध्ये कुणी चोर नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची थोडी निराशा झाली. केळीवाल्याच्या वखारीतली केळी टांग्यातून गेली, टांगा चाचांच्या दारावरून आमच्या दाराशी आला. माझं फक्त मागचं चाक दिसलं.

मग वडील. ओटा, बशी, गरम चहाची वाफ. आईचा आवाज त्यांनी काढून टाकला होता आणि तिथे बासरी लावली होती. पडद्यावर वडिलांचा चेहरा मोठा झाला, डोळे भरल्यासारखे, चहा धोतरावर, आणि खाली बासरी. ज्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं ते सगळेच तिथे बसले होते.

मी ताईला हळूच विचारलं, म्हणजे आमच्या मानानं हळू, की तू त्या काठीवाल्याशी तेव्हा काय बोलायचीस.

ताई टीव्हीकडे बघत म्हणाली, "काही नाही रे. विचारलं, ती काठी किती लांबचं ऐकते."

"मग?"

"म्हणाला, माग बंद असतील तर अंगणातलं पण."

मी आईकडे पाहिलं. तीस वर्षं त्या भिंतीपाशी राहिलेली बाई, माग थांबल्यावर झोपेतून उठून लाईट गेली का विचारणारी. तिनं पदर सारखा केला.

चाचांनी घसा खाकरला. "भाऊसाब, इतना रोना मुँह? चाय में शक्कर कम थी क्या?"

सगळे वडिलांकडे बघू लागले. वडील आईकडे.

"साखर बरोबर होती," आई म्हणाली.

"बरोबर होती," वडील म्हणाले, आणि चहा ठेव म्हणाले, सगळ्यांना.