नर्सबाईंची उभी गाडी

कोसमटोल्यात चारचाकी एकच होती, आणि तीही बहुतेक वेळ उभीच असायची. सत्यशीलाबाई रामटेके यांच्या घराला लागून टिनाचं शेड होतं, त्यात ती पांढरी गाडी ठेवलेली. बाईंना गावात कोणी नावानं हाक मारत नसे. आरमोरीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली होती, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच नर्सबाई.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात बैलबंडीतून दवाखान्यात नेताना एक बाळंतीण त्यांच्या हातातच दगावली होती. नाल्याला पूर होता, बंडी अलीकडच्या काठावर उभी होती, आणि बाईंजवळ कापसाचे बोळे सोडले तर काही नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पण रिटायर झाल्यावर आरमोरीत घर बांधायचं सोडून त्यांनी जुनी गाडी घेतली आणि त्या वयात चालवायला शिकल्या. लोक हसले. मग एका पोराला फेफरं आलं, आणि त्याला घेऊन ती गाडी वेळेवर दवाखान्यात पोचल्यावर हसणं बंद झालं.

गाडी महिन्यातून एखाद्या वेळेस निघायची. कधी दोन-दोन महिने कोणाला लागायचीच नाही. पण उभ्या गाडीचं दुखणं बाईंना कळत होतं. खाटेवर पडून राहिलेल्या पेशंटची कूस बदलली नाही तर पाठ सडते, तसंच हिचं. दर रविवारी त्या ती चालू करायच्या आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत शाळेच्या पुढे नेऊन आणायच्या. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून दर वेळी थोडी पुढेमागे लावायच्या. ब्रेक आवळून राहू नये म्हणून हँडब्रेक न ओढता चाकांना दगड लावायच्या. आणि उंदरांसाठी बोनेटमध्ये तंबाखूची पानं.

एका पावसाळ्यात हे सगळं चुकलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या नागपूरला मुलाकडे, संघपालकडे गेल्या, आणि डोळ्यात पाणी येत राहिल्यामुळे तिथेच अडकल्या. किल्ली शेजारच्या लोकेशला देऊन ठेवली होती. लोकेशनं सुरुवातीला गाडी चालू केली, पण पुढे धानाची रोवणी लागली आणि त्याला श्वास घ्यायला सवड उरली नाही. वरून घर गळत होतं, म्हणून धानाची पोती त्यानं शेडमध्ये आणून रचली.

पोळ्याच्या सुमारास बाई परत आल्या. किल्ली फिरवली तर नुसती टिक्‌ टिक्‌. आरमोरीहून गुलाब मिस्त्री आला. त्यानं बोनेट उघडलं आणि मागे सरला. आत चिंध्या, कोंडा, कुरतडलेल्या वायरी, आणि हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदराची लालबुंद पिल्लं.

"बाई, यायनं तं इथी गावच बसवलं ना," तो म्हणाला.

त्यानं वायरी बदलल्या, नवी बॅटरी बसवली, टायरमध्ये हवा भरली. पोती लोकेशनं ओशाळून उचलून नेली. गाडी चालू झाली. जाताना गुलाबनं इंजिनाच्या खालच्या कोपऱ्यातून काहीतरी ओढून काढलं. कांद्याच्या सालीसारखं पातळ, वीतभर, खवल्याखवल्यांचं. सापाच्या कातीचा तुकडा होता.

"जुनी असन," तो म्हणाला. त्यानं पाण्याचा जोरात फवारा मारला, सळी घालून ठोकलं, सीटखाली टॉर्च मारून पाहिलं. काही निघालं नाही. "उंदराच्या मागं आला असन अन् गेला असन. कायले घाबरता जी?"

बाई घाबरल्या नव्हत्या. पण पुढच्या रविवारी त्यांनी बोनेट उघडलं तेव्हा तिथे उंदराची एकही लेंडी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. सगळं गाव उंदरांनी हैराण होतं, लोकेशच्या घरात ते दिवसाढवळ्या आढ्यावर पळत होते, आणि बाईंच्या शेडकडे एकसुद्धा फिरकत नव्हता. खरं तर बरं वाटायला हवं होतं. बाई मात्र बोनेट लावून शेडच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. आत टिन तापल्याचा आवाज येत होता, दुसरा कोणताच नाही.

लोकेशच्या बायकोचे, करिष्माचे, दिवस भरत आले होते. एका दुपारी लोकेश शेतावर असताना तिला कळा सुरू झाल्या. सासू वच्छलाबाई बाईंकडे धावत आल्या. अँब्युलन्सला फोन लावला, तर ती दुसरा पेशंट घेऊन गडचिरोलीला गेलेली. बाईंनी करिष्माला तपासलं. मूल आडवं आहे असं हाताला लागलं. त्या किल्ली घ्यायला गेल्या.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागे करिष्मा आडवी, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. बाईंनी नेहमीसारख्या चपला काढून शेजारच्या सीटखाली सरकवल्या. अनवाणी पायाला क्लच चांगला कळतो, असं त्या म्हणायच्या.

गाव सुटलं आणि दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल आलं. या वाटेवर वाघाच्या भीतीनं लोक टोळीनंच जात, त्यामुळे दुपारीही रस्ता रिकामा होता. बाईंनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि डावा पाय खाली टेकवला.

थोड्या वेळानं त्या पायावर काहीतरी येऊन पडलं.

आधी वाटलं, गुलाबनं बांधलेली एखादी वायर सुटून लोंबली. पण ते थंड होतं आणि वायरीपेक्षा जड. मग ते हललं. पावलावरून घोट्याकडे, सावकाश, जसं कोणी ओलं फडकं ओढत न्यावं. बाईंनी एकदाच खाली पाहिलं. काळपट तपकिरी अंग, मनगटाएवढं जाड, त्यांच्या पायाला वळसा घालून क्लचच्या मागे गेलेलं. डोकं कुठे आहे ते दिसेना.

त्यांनी नजर रस्त्यावर आणली. डावा पाय उचलायचा नव्हता. म्हणजे क्लच दाबायचा नव्हता, म्हणजे गिअर बदलायचा नव्हता आणि गाडी थांबवायची नव्हती. थांबवून तरी काय? आडवं मूल घेऊन त्या पोरीला जंगलात उतरवायचं? बैलबंडी आणि नाल्याचा तो काठ त्यांच्या डोळ्यांपुढे आला. 

पुढे वळणावर गाईंचा कळप रस्त्यात बसला होता. बाईंनी रेस सोडली, हॉर्नवर हात दाबून धरला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गचके खाऊ लागली. प्रत्येक गचक्याला पायावरचा वळसा आवळत होता.

"बाई, गाडी काऊन अशी करून राह्यली?" वच्छलाबाईंनी मागून विचारलं.

"गिअर फसला. तू तिचे पाय धर."

"तुमचा आवाज असा काऊन येते?"

"करिष्मा, श्वास घे बाई. लंबा. मीही घेऊन राह्यली तुझ्यासंगं."

आणि खरंच दोघी एकदम श्वास घेत राहिल्या. गाई उठल्या. बंद पडता पडता गाडीनं वेग धरला. आरमोरी आली, गतिरोधक आले. बाईंनी प्रत्येक गतिरोधक लांबूनच रेस सोडून गाठला. उजवा पाय ब्रेककडे नेताना तो मधल्या अंधारातून जात होता, आणि दर वेळी त्यांना वाटे, आता. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावर त्यांनी हळूहळू ब्रेक दाबला आणि किल्ली बंद केली. गाडीनं एक हिसका दिला आणि शांत झाली.

"मागच्या दारानं उतरा. माणसं बोलवा. माह्या दाराले कोणी हात लावू नका."

"तुम्ही नाई येत?"

"येतो मी. जा."

स्ट्रेचर आलं, गेलं. बाई तशाच बसून राहिल्या. घाम डोळ्यात उतरत होता, ऑपरेशन झालेला डोळा चुरचुरत होता, पण हात उचलायची हिंमत नव्हती. पायावरचं ओझं तसंच. आत सिझरची धावपळ चालली होती आणि फाटकाजवळ चहावाला ग्लास विसळत होता. मग कधीतरी ते ओझं सरकू लागलं. शेपटीचं टोक अंगठ्यावरून गेलं. बाईंनी दार ढकललं, आणि उतरून ते बाहेरून लावून घेतलं.

कोणीतरी फोन केला, आणि साप पकडणारी रिना नावाची पोरगी कॉलेजातून आली. डॅशबोर्डखालचं पत्र्याचं झाकण उघडायला तिला बराच वेळ लागला. निघाला तो नाग होता. पिशवीचं तोंड बांधताना ती म्हणाली, "बाई, हा इथी रोजच राहे. याले ही गाडी घर वाटत होती."

बाईंनी स्वतःच सांगून रात्रभर स्वतःला देखरेखीखाली ठेवून घेतलं. पायावर दाताची खूण नव्हती. करिष्माला मुलगी झाली; दोघी जगल्या. लोकेश येऊन बाईंच्या पायाशी बसला.

संघपालनं फोनवर एकच लावून धरलं, "आई, विकून टाक." बाईंनी विकली नाही. शेडला खालून जाळी ठोकली, गाडीला बोनेटखाली आणि डॅशबोर्डखालीही बसवली. रविवारचा नेम परत सुरू केला. पण आता गाडीत बसायच्या आधी त्या चारही दारं उघडायच्या, बोनेट वर करायच्या, काठीनं सगळीकडे ठोकायच्या, वाकून प्रत्येक सीटखाली पाहायच्या. पायात बूट घालायच्या. तरीही तिसऱ्या गिअरमध्ये गेलं की डाव्या पावलावर तो थंडपणा यायचा, आणि खाली पाहिल्याशिवाय राहवत नसे.

थंडीत एका सकाळी म्हाताऱ्या इसरूभाऊच्या छातीत कळ आली. लोकांनी त्यांना खाटेसकट शेडपुढे आणलं. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. बाईंनी दारं उघडली. बोनेट वर केलं. काठी घेतली. एक सीट, दुसरी सीट, मागची सीट. खाटेभोवतीची माणसं खाट धरून उभी होती. घाई करा असं कोणी म्हणालं नाही. इसरूभाऊचा श्वास तेवढा ऐकू येत होता, अडकत, परत लागत. बाईंना तो ऐकू येत होता, आणि तरीही त्यांचे हात डॅशबोर्डखालची जाळी पुन्हा एकदा चाचपत होते.

इसरूभाऊ त्या दिवशी वाचले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सहज विचारलं, "आणायला एवढा उशीर काऊन झाला?"

 बाहेर येऊन बाईंनी गाडीची चारही दारं उघडली, काठी घेतली, आणि पुढच्या सीटखाली वाकल्या.