औताडे मॅडमनी वस्तीवर जे सांगितलं

डॉ. कुमुद औताडे यांची आणि माझी पहिली भेट छत्रपती संभाजीनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात झाली. त्या भेटीचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. मॅडम त्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या आणि मी बालरोगाचं शिक्षण घ्यायला नुकतीच रुजू झाले होते. नाव सांगायला म्हणून त्यांच्यासमोर उभी राहिले, तेवढ्यात देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका वस्तीवरून आजारी मुलगी आली. राणी तिचं नाव, वय चारेक वर्षं. मान दोन्ही बाजूंनी सुजून खांद्यात रुतल्यासारखी झाली होती आणि श्वास घेताना घशातून घरघर येत होती. मॅडमनी तिला आईच्या मांडीवरून हलवलं नाही. तिथंच गुडघे टेकून त्यांनी बॅटरी धरली आणि मला जवळ बोलावलं. राणीच्या घशात राखाडी रंगाचा जाड पापुद्रा पसरला होता.

"घटसर्प," मॅडम हळूच म्हणाल्या.

माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

ज्या आजाराची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्या आजाराने एक लेकरू आपल्यासमोर गुदमरतंय, हे मला खरं वाटेना. घटसर्पावरचं औषध सहजासहजी मिळत नाही. मॅडमनी कुठकुठे फोन करून ते मिळवलं. राणीची सूज उतरली. ती आईशी बोलू लागली, मुरमुरे मागू लागली. आम्ही सगळे निर्धास्त झालो. मॅडम मात्र बजावत राहिल्या, "तिला उठू देऊ नका. या आजाराचं विष हृदयावर जातं." एका सकाळी आईने तोंड पुसायला फडकं ओलं केलं, तेवढ्यात राणी आपणहून उठून बसली आणि तशीच बाजूला कलंडली. आम्ही धावलो, होतं नव्हतं ते सगळं केलं. हृदय पुन्हा सुरू झालं नाही.

राणीची आई लंकाबाई रडत नव्हती. ते ओलं फडकं हातात धरून ती नुसती आमच्याकडे बघत होती. आमच्यातला एक तरुण डॉक्टर, बिचारा तोही हादरलेलाच, तिच्यावर ओरडला, "लस का दिली नाही हिला? फुकट मिळते ना?"

मॅडमनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. परत आल्या आणि फरशीवर लंकाबाईशेजारी बसून राहिल्या. प्रेत न्यायला गाडी येईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मॅडम त्या वस्तीवर गेल्या आणि मलाही सोबत नेलं. माळावरची मेंढपाळांची वस्ती ती. घरातल्या माणसांना प्रतिबंधक गोळ्या देऊन झाल्या होत्या, पण पोरांना लस द्यायला कुणी तयार नव्हतं. कारणं ऐकून मी थक्क झाले, कारण ती सगळी पटण्यासारखी होती. दिवाळीनंतर ही मंडळी मेंढरं घेऊन बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लस मिळायची गावात, ठरल्या वारी, आणि त्या वारी यांचा मुक्काम भलत्याच शिवारात असायचा. राणीला तान्हेपणी एकदा टोचलं होतं. चालत्या कळपाबरोबर असताना तिला ताप भरला, मांडी सुजली आणि विचारायला जवळपास कुणी नव्हतं. तेव्हापासून लंकाबाईचे सासरे भिकाजीबाबा यांनी लस बंदच करून टाकली होती.

भिकाजीबाबांनी मॅडमना घोंगडीवर बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "बाई, तुमच्या घरच्या लेकरांला टोचलंय का?"

"हो तर! माझ्या नातीला सगळ्या लसी दिल्यात."

"खरं?"

"अगदी खरं."

म्हातारा विचारात पडला. "मंग पुढल्या आठवड्यात या. मी बोलतो समद्यांशी."

परतताना मॅडम खुशीत होत्या. दौलताबाद जवळ आलं तेव्हा त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. गाडीच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला. "अरे, आज तुझ्या इराने माझं मोठं काम केलं," असं म्हणून त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं.  

मुलगा म्हणाला, "आई, इराला जन्मल्यावर दवाखान्यात दिल्या तेवढ्याच. नंतरच्या दिलेल्या नाहीत. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

मॅडमनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं आणि उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मी मागोमाग उतरले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. जन्मभर लोकांच्या पोरांना लस देणाऱ्या बाईची स्वतःची नात, अडीच वर्षांची, इंजिनियर आईबापांच्या घरात, राणीइतकीच लसीविना उघडी राहिली होती! 

"मी त्या लोकांना खोटं सांगून आले," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाला कुठे माहीत होतं? इराला उद्याच लस देऊन टाका. वस्तीवर कुणाला कळणार आहे?"

"आज माझ्या शब्दावर म्हातारा कबूल झालाय. पोराला ताप आला की वस्तीवरचे लोक तो शब्द आठवतील. तो खोटा असून चालणार नाही."

पुण्यात काय घडलं ते मला नंतर त्यांच्या सूनबाई केतकी यांनी सांगितलं. सासूबाई येणार म्हटल्यावर त्या भांडणाच्या तयारीत होत्या. मॅडम आल्या, इराला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तुला कशाची भीती वाटली, ते मला सांग." केतकींनी मोबाइलवर आलेले व्हिडिओ दाखवले. मॅडमनी ते सगळे शेवटपर्यंत पाहिले आणि एकेका गोष्टीचं उत्तर दिलं. कुठे ताप येतो, कुठे गाठ येते, क्वचित कुणाला अंगावर पित्त उठतं, हेही लपवलं नाही. मग राणी कशी गेली ते सांगितलं. सांगता सांगता त्या रडल्या. केतकी मला म्हणाल्या, "आईंना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं, वाट बघण्यात काही बिघडत नाही. असं कुणी मरत असेल याची मला कल्पनाच नव्हती." वस्तीवर यायचं केतकींनीच ठरवलं. मॅडमनी त्यांना तसं सुचवलंही नव्हतं.

आठवड्याने आम्ही पुन्हा माळावर गेलो. सोबत लस देणाऱ्या सिस्टर होत्या, आणि मॅडमचा मुलगा, सून व इरा. माणसं जमली होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मी बाबांना सांगितलं, माझ्या नातीला सगळ्या लसी दिल्यात. ते खरं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, पण खरं नव्हतं. माझ्या घरात भीती होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. ही माझी नात. हिला आज इथं, तुमच्यासमोर लस देणार आहे. तुम्ही द्या किंवा नका देऊ, ते तुमच्यावर."

  आता सगळं फिसकटणार, अशी माझी खात्री झाली.

"डाक्टरच्या घरात बी?" भिकाजीबाबा पुटपुटले.

मागून लंकाबाई पुढे आली. तिच्या कडेवर राणीचा धाकटा भाऊ होता, त्याला सगळे बारक्या म्हणत. ती केतकींकडे एकटक बघत राहिली. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "बाई, मंग दवाखान्यात माझ्यावरच का वरडले?"

 अजूनही कुठल्या आईला दोन शब्द सुनावायला तोंड उघडलं, की तिचा तो प्रश्न कानी येतो.

मॅडमनी हात जोडले. "चुकलं आमचं, लंकाबाई. मी तुमची माफी मागते."

"ह्याला ताप आला तर?"

"येईल कदाचित. मी आज इथंच राहते. तुमच्या घरी."

लंकाबाई केतकींच्या शेजारी जाऊन बसली आणि बारक्याला मांडीवर घेतलं. "लई रडंल त्यो," एवढंच ती केतकींना म्हणाली. केतकींनी मान हलवली.  इराला सुई टोचली, तिने भोकाड पसरलं. मग बारक्याने. रडणारी दोन लेकरं आणि ओठ घट्ट मिटून बसलेल्या दोन आया, एवढंच मला दिसत होतं. भिकाजीबाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि दुसऱ्या नातवंडाला हाक मारली. काही घरं तेव्हाही तयार झाली नाहीत. मॅडमनी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. त्या खरोखरच मुक्कामाला राहिल्या. बारक्याला ताप आला, उतरलाही.

पुढे मॅडमनी वरिष्ठांच्या मागे लागून गावातल्या ठरल्या वाराचा हट्ट मोडून काढला. आता कळप जिथं उतरतो तिथली सिस्टर लस घेऊन बांधावर जाते आणि मेंढपाळ स्वतः फोन करून मुक्काम कळवतात. नाही म्हणणाऱ्या घरांतली बहुतेक हळूहळू आली, एक-दोन अजूनही नाहीत. शिक्षण संपल्यावर मी याच भागातल्या आरोग्य केंद्रात नोकरी मागून घेतली. ओळखीचे विचारतात, शहर सोडून तिकडे कशाला गेलीस? त्यांना मी मॅडमबद्दल सांगते. शिकलेली माणसं आपली चूक झाकायला किती धडपडतात, ते मी रोज पाहते. म्हणून तो माळावरचा दिवस आठवला, की एवढ्या मोठ्या बाई एवढं उघडपणे कसं बोलू शकल्या, याचं मला अजून नवल वाटतं.

औताडे मॅडम या वर्षी साठ पूर्ण करून एकसष्टाव्यात पाऊल ठेवत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि औषध घ्यायला त्या विसरतात असं केतकी सांगतात. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं मी लिहिणारच होते. पण मागच्या आठवड्यात, मेंढरं बाहेर काढायच्या आधी, लंकाबाई केंद्रावर येऊन गेली. मॅडमच्या साठीबद्दल मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाईला म्हणावं, आमी निघालो. बारक्याचं समदं टोचून झालंय. आता तुमी सोताला जपा, लई दिस जगा. मी परत आले की बघायला येणार हाय."

मॅडम, हा निरोप तुमच्यापर्यंत पोचवते आहे. त्या आईला शब्द द्या.