अष्टमीचं पाणी आणि बिनरंगी ल्यूर

सोनेरी ल्यूर पुन्हा फेकला आणि पुन्हा रिकामा परत आला. पिंटोसाहेबांनी रॉड मांडीवर आडवा ठेवला, घड्याळ बघितलं. आमचे मालक राऊत सर होडीच्या पुढच्या फळीवर बसून माझ्याकडे असे बघत होते, जसं काही खाडीतले मासे मीच घरी कोंडून आलेय.

ल्यूर म्हणजे खोटा मासा. प्लास्टिकचा, बोटभर लांब, पोटाखाली दोन गळ. तो पाण्यात ओढला की खऱ्या माशासारखा वळवळतो आणि मोठा मासा त्यावर झडप घालतो. नावड्याला आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे, आणि टूल रूम, म्हणजे साचे बनवायचा विभाग, माझ्याकडे. जन्मभर बाटल्यांची झाकणं काढली. मग झाकणांचं मोठं काम दुसरीकडे गेलं आणि सरांच्या डोक्यात ल्यूर शिरला. हौशी मासेमारी करणारे हल्ली पुष्कळ झालेत, त्यांना जिताडा पाहिजे असतो, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात जिताडा खाडीच्या तोंडाशी भुकेला फिरतो. सगळं बरोबर होतं. माझं माहेर कोळ्यांचं, जिताडा मला शिकवायला नको.

साचा मी केला. रंग द्यायला पेंट टेबलवर सहा बायका. सोनेरी अंग, काळी पाठ, लाल गळा, सगळं हातानं. टेबलाची मुख्य छाया. मूळची परभणीकडची, आता नावडे कॉलनीत राहते. तिचा हात इतका स्थिर, की माशाचा डोळा ती एका टिपक्यात काढते. ऑर्डर आली नाही तर दिवाळीनंतर पेंट टेबल बंद, हे सरांनी सांगून टाकलेलं. म्हणून गोव्याचे डीलर पिंटोसाहेब स्वतः पाण्यावर ट्रायल बघायला येणार म्हटल्यावर सहाही जणी देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

आणि सरांनी ट्रायलला दिवस कुठला काढावा? नवरात्रातली अष्टमी!

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, अष्टमीला खाडीचं पाणी भांगाचं, म्हणजे मंद भरतीचं असतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, भरती जोरात चढते, गाळ ढवळून निघतो. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, म्हणून तिथे चमकणारा, आतल्या गोळ्या खुळखुळवणारा सोनेरी ल्यूर लागतो. आपण सगळ्या टेस्ट उधाणात केल्यात. अष्टमीला पाणी जेमतेम हलतं, गाळ खाली बसतो. अशा पाण्यात खुळखुळा वाजवला तर मासा पळणारच.

सर देवीचे भक्त. नऊ दिवस पायात चप्पल नाही. ते म्हणाले, "अष्टमीला हात घातलेलं माझं एक काम आजवर फसलं नाही. देवीवर सोड."

देवीला कशाला मध्ये घालता, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. पिंटोसाहेबांचं तिकीट काढून झालं होतं.

सकाळी निघताना छायाने ल्यूरचा डबा माझ्या हातात दिला. नेहमी बडबड करणारी बाई, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "ताई, सांभाळून." डब्यात तिने सोनेरीच भरले होते. मी मात्र टूल रूममधून एक जास्तीचा उचलला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. नवीन साचा झाला की आतलं वजन नीट बसलंय का ते दिसावं म्हणून मी पहिले नमुने पारदर्शक प्लास्टिकचे काढते. त्यातलाच हा. रंग नाही, डोळा नाही, आत गोळ्या नाहीत. काचेच्या तुकड्यासारखा दिसणारा.

करंजाड्याच्या पुढे खाडीत होडी घातली. होडी माझ्या दिराची, हरेशची. त्याने वल्ह्याचं टोक पाण्यात बुडवून बघितलं आणि हळूच म्हणाला, "वयनी, पानी मेलंय. वल्हा पार तलापर्यंत दिसतंय."

मला ते दिसत होतंच. तिवरांच्या कडेला पाणी हिरवट, नितळ. सोनेरी ल्यूर त्यात पडला की लग्नातल्या बँडसारखा वाजत यायचा. बांधाच्या झडपेपाशी, जिथे शेतातलं पाणी खाडीत सुटतं, तिथे बोय माशांची पिल्लं चमकत होती. म्हणजे जिताडा आसपास असणारच. पण चावत नव्हता. सर मधूनमधून डोळे मिटून पुटपुटत होते. पिंटोसाहेब भला माणूस, पण त्यांनीही रॉड खाली ठेवला.

पर्समधला रुमाल मला एकसारखा आठवत होता. हा चालणार, हे मला ठाऊक होतं. नितळ पाण्यात जवळजवळ न दिसणारा, गप्प जाणारा ल्यूर. आणि म्हणूनच हात पुढे होत नव्हता. बिनरंगी ल्यूरवर मासा लागला, तर पेंट टेबल हवंच कशाला? आणि नाही काढला तर ऑर्डरच नाही, मग कारखान्यात माशाचं नावसुद्धा कोणी घेणार नाही. इकडे आड तिकडे विहीर.

शेवटी रुमाल सोडला. सर चिडले, "अगं, हा रिजेक्ट माल आहे."

"एकदा फेकू द्या, सर."

मी स्वतः बांधला, झडपेच्या सावलीत टाकला आणि अगदी सावकाश ओढला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा पाणी फुटलं. रॉड असा वाकला, की हरेशने वल्हं सोडून माझी कंबर धरली. जिताडा हाताएवढा होता, चांदीसारखा. घरात घट बसलेले, त्यामुळे हरेशने तो गळातून सोडवला, हात जोडले आणि पाण्यात सोडून दिला. सरांच्या डोळ्यांत पाणी. देवी पावली म्हणाले. मी म्हटलं, हो.

पिंटोसाहेब तो ओला ल्यूर उजेडात धरून फिरवत होते. "सर, मला हाच हवा. असाच. रंग नकोच, स्वस्त पण पडेल."

आगीतून फुफाट्यात! ज्याची भीती होती तेच झालं. सर मान डोलवायला लागले होते. मला छायाचं ते "सांभाळून" आठवलं आणि मी मालक-डीलर काही न बघता मध्ये तोंड घातलं.

"साहेब, हा फक्त भांगाचा ल्यूर. पौर्णिमेला या पाण्यात तुमचं बोट तुम्हाला दिसणार नाही. तेव्हा हा कोणी फेकला तर रिकामा येईल आणि गिऱ्हाईक तुम्हालाच शिव्या घालेल. खाडीचं पाणी महिन्यातून दोनदा पालटतं. एका खोक्यात दोन ल्यूर द्या. एक भांगाचा, एक उधाणाचा."

ते म्हणाले, "दाखवून द्याल?"

"पौर्णिमेला थांबा. दिवस यावेळी मी काढलाय."

पौर्णिमेपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बोलून बसले होते, आणि मासा काही माझा नोकर नाही. पेंट टेबलकडे बघायचंसुद्धा टाळत होते.

पौर्णिमेला पाणी चहासारखं होतं. आधी बिनरंगी टाकला, पिंटोसाहेबांच्याच हातून. काही नाही. मग सोनेरी. भरती बांधाला लागली आणि जिताड्याने तो असा ओढला की पिंटोसाहेब फळीवरून घसरले. नवरात्र सरलं होतं. हा मासा कारखान्यात आला.

ऑर्डर जोडीची झाली. अर्धे बिनरंगी, अर्धे सोनेरी. अर्ध्या ल्यूरना रंग म्हणजे कामही अर्धं. चौघी टेबलावर राहिल्या, दोघी गळ लावायच्या कामावर गेल्या. घरी कोणी बसलं नाही.

तारीख मालकाने ठरवावी, माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी पाणी विचारावं. सर आता विचारतात, तेही सहज विचारल्यासारखं.

पौर्णिमेच्या त्या दिवशी कारखान्यात जिताड्याचं कालवण शिजत होतं तेव्हा, ज्याला मासा लागला तो सोनेरी ल्यूर मी छायाच्या पुढे ठेवला. वाटलं, खूश होईल. तिने तो फिरवून बघितला. जबड्याने घासून एका बाजूचा रंग पार निघाला होता.

"कोट कमी पडतोय, ताई," ती म्हणाली आणि ब्रश उचलला.