दत्ताची चेन घसरली नव्हती

माझ्या भावाला ज्यानं गाडीनं उडवलं, तो त्याच्या तेराव्याला आमच्या अंगणात पंगतीत बसून जेवला.

मीच वाढत होते.

"बुंदी थोडीच वाढ, ताई," म्हणाला.
मी थोडीच वाढली.

तेव्हा आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं.
त्याला होतं.

आज दत्ताला जाऊन तीन वर्षं झाली. दर वर्षी मी नुसता फोटो टाकते. या वर्षी सगळं लिहिणार आहे, कारण गेल्या महिन्यात निकाल लागलाय.

दत्ता माझा धाकटा भाऊ. पिरंगुटला एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर होता. आमच्या गावाहून, नांद्याहून रोज सायकलनं जायचा.

जुनी स्टीलची रेसिंग सायकल. खाली वाकलेलं हँडल. वयानं त्याच्याहून मोठी. पुण्यातल्या एका रिटायर्ड काकांच्या मागे लागून लागून मिळवलेली.

मी म्हणायचे, "अरे, नवीन घे की एखादी."
"ताये, असलं लोखंड आता मिळतंय व्हय?"

जायच्या आधीच्या रविवारी त्यानं ती अंगणात उलटी केली. चेन झिजून लांब झाली होती. चढावर जोर दिला की दात सोडायची. फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्रांचे दात तर घासून पार टोकदार झाले होते.

"नुसती चेन बदल ना," मी म्हटलं.
"न्हाई जमत. झिजल्याल्या दातांवर नवी चेन घसरती. बदलायचं तर समदं एकदम."

जुनं फ्रीव्हील निघता निघेना. रॉकेल ओतून झालं, ठोकून झालं. शेवटी शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. वेल्डरनं पाना वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळला, त्यावर चाक आडवं बसवलं, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ते एसटीच्या स्टिअरिंगसारखं फिरवलं.

कट्ट करून सुटलं. मी पडता पडता वाचले. दोघं किती वेळ हसत होतो.

मागं मोठ्या चक्राचं नवीन फ्रीव्हील लागलं. नवी चेन. पुढचं चक्र नवीन. फ्रीव्हील मी माझ्या हातानं फिरवून बसवलं, कारण तो म्हणाला, "बसव तू, शीक."

संध्याकाळी चढावर चक्कर मारून आला.
"एकदाबी घसरली न्हाई, ताये. आता ताम्हिणी घाट चढून दावतो."

शुक्रवारी सकाळी फर्स्ट शिफ्टला निघाला.
मागून कुणीतरी उडवलं आणि थांबलंही नाही.

गावात एक शेठ आहेत. नाव लिहीत नाही, ते निकालात आहे. त्याच संध्याकाळी चौकात शेठचा फ्लेक्स लागला. दत्ताचा फोटो लहान. हात जोडलेले शेठ मोठे.

पोलिसांनी लिहिलं, अज्ञात वाहन.

तेरावं झाल्यावर मी रजा टाकली आणि त्या रस्त्यावरच्या एकेका सोसायटीच्या गेटवर गेले. कुणी हाकललं, कुणी पाणी दिलं. एका ठिकाणच्या कॅमेऱ्यात सापडली. पांढरी गाडी, पुढचा दिवा फुटलेला, नंबर स्पष्ट.

शेठची गाडी. चालवणारेही शेठच, काचेतून दिसत होते.

मग शेठची भाषा बदलली.
"गाडी माझीच व्हती. पण पोराची सायकल भंगार. चेन घसरली आन् त्ये आडवं आलं. माझा काय दोष?"

गावानं हे उचललं. आठवड्याभरात लोक मलाच सांगायला लागले, "जुनीच होती गं त्याची सायकल."

चुलते घरी आले. "पोरी, हितंच ऱ्हायचंय आपल्याला. मिटवून टाक."

आई आतून बाहेर आली. ती म्हणाली, "त्याला बसायला म्या पाट दिला. मला त्यो आत गेल्याला बघायचाय."

मलाही.

केस उभी राहिली. माझी साक्ष होती त्या दिवशी सायकल कोर्टात आणली. मागचं चाक दुमडलेलं, सगळ्यावर गंज.

शेठच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही मेकॅनिक आहात?"
"नाही. लॅबमध्ये काम करते. पण हे फ्रीव्हील मी बसवलंय."
"चेनवर एवढा गंज आहे. ती चांगली होती, हे कशावरून?"

मी जजमॅडमना म्हटलं, दाखवू का?
त्या म्हणाल्या, दाखवा.

पुढच्या चक्रावरची चेन मी चिमटीत धरली आणि ओढली. चेन झिजलेली असली की उचलून येते, खालचा दात उघडा पडतो. ही जागची हलली नाही. गंजलेली होती, पण प्रत्येक दात कडीत बसलेला होता. अपघातानंतरसुद्धा.

दत्तानं त्या रविवारी काढलेली जुनी चेन घरीच होती, ती सरकारी वकिलांनी आधीच दाखल केली होती. तीच त्या चक्रावर ठेवून ओढली. दात लांबूनही दिसला.

मॅडम उठून जवळ आल्या आणि स्वतः ओढून बघितली.

शेठ स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, तसलं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

शिक्षा झाली. शेठ अपिलात गेलेत, सध्या जामिनावर आहेत.

परवा त्यांचा मुलगा दारात आला. "ताई, झालं की आता तुमच्या मनासारखं. वरच्या कोर्टात तरी जोर लावू नका. त्यांचं वय बघा."
मी म्हटलं, "दत्ताचं वय विचार."
तो गेला.

वरच्या कोर्टातही मी प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर असणार आहे. ही पोस्ट शेठपर्यंत पोचवणारे इथं बरेच आहेत. पोचवा.

काही जण मायेनं सांगतात, आता राग सोड, दत्ताच्या आत्म्याला शांती मिळू दे.

दत्ता शांतच होता.
राग माझा आहे. तो माझ्याकडेच राहील.

दत्ता, आज तुझ्या फोटोला हार आईनं घातला. मी नुसती उभी होते.
येते रे. जपून राहा, जिथं असशील तिथं.