परळचे पाच दिवस आणि पल्लवीचं विमान

गाडी दादरला पोचली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझी धाकटी बहीण मंदा फलाटावर नव्हती. पाच-सहा वेळा फोन केला, उचलला नाही. नागपूरहून निघतानाच एक बारीक भीती बरोबर घेऊन निघाले होते. दोन पिशव्या आणि संत्रा बर्फीचा डबा सांभाळत त्या फलाटावर उभी असताना ती मोठी व्हायला लागली. मंदाची मुलगी पल्लवी विमान चालवते. अशा घरातून फोन उचलला गेला नाही की मनात दुसरं काही येतच नाही.

शेवटी मी टॅक्सी केली. टॅक्सीवाले काका कोकणातले, बोलके.

"परळला कोणाकडे?"

"बहिणीकडे. भाचीची परीक्षा आहे. विमान चालवते ती."

त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हवाई सुंदरी."

"नाही हो. चालवते."

पुढचा सिग्नल सुटला. मग त्यांनी हळूच विचारलं, "उतरवते पण तीच?"

मला हसू आलं, पण तो प्रश्न माझाही होता. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मुलांना वाऱ्याचे पट्टे पाठ करायला लावले, आणि स्वतः एकदाही विमानात पाय ठेवला नाही. पल्लवी दरवेळी म्हणायची, "मावशी, ये ना फ्लाइटने." मी दरवेळी रेल्वेचं आरक्षण करायचे.

मंदा पूर्वी चाळीत राहायची. ती चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला आणि जुनी सगळी बिऱ्हाडं त्यात गेली. आता ती अकराव्या मजल्यावर असते. दार उघडलं तेव्हा फोन तिच्या हातातच होता.

"ताई, राग मानू नकोस. तिचं विमान उतरायची वेळ होती. त्या वेळेला मी कोणाचाच फोन घेत नाही. लाइन मोकळी ठेवते."

"किती वर्षं?"

"नऊ." तिने पाणी दिलं. "आत्ता मेसेज आला. उतरली."

खिडकीतून खाली बंद गिरणीची एकटी चिमणी (धुराडं) दिसत होती. मंदाचा नवरा त्याच गिरणीत साच्यावर (मागावर) होता. गिरणी बंद झाली, मग तोही गेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी पल्लवीचा गणवेशातला फोटो, खांद्यावर तीन पट्ट्या असलेला. चौथी पट्टी मिळाली की कॅप्टन. दोघांच्या खुर्च्यांमधलं अंतर दोन हातांचं असेल, पण विमानात शेवटचा शब्द कोणाचा, ते त्या पट्टीवर ठरतं.

"गुरुवारी शेवटची चेक आहे," मंदा म्हणाली. "तपासणारा साहेब शेजारी बसतो आणि ही खरं विमान, खरी माणसं घेऊन जाते. गेल्या वर्षी नाव मागे टाकलं होतं तिचं. या वेळी नाही झालं तर पुन्हा विचारतील की नाही, कोण जाणे."

का मागे टाकलं, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. पल्लवी दुपारी घरी आली, जेवली, माझ्या बर्फीचे दोन तुकडे खाल्ले आणि दार लावून अभ्यासाला बसली. मी तिला काही विचारलं नाही. शाळेत परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांची तोंडं अशीच व्हायची.

गुरुवारी ती पहाटेच गेली. मुंबई ते इंदूर आणि परत, असं काम होतं. साडेबाराला उतरायची होती. घरात बसवेना म्हणून शेजारच्या सावंतकाकी आम्हा दोघींना लालबागला मिरच्यांच्या गल्लीत घेऊन गेल्या. एप्रिल म्हणजे गिरणगावात वर्षाचा मसाला करायचे दिवस. दुकानांपुढे लाल मिरच्यांचे ढीग, आत मसाला कुटायची यंत्रं धडधडत होती आणि अख्खी गल्ली शिंकत होती. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काकी मला समजावत होत्या. मंदाचं लक्ष नव्हतं. तिने धणे दोनदा घेतले आणि दगडफूल विसरली.

एक वाजला. फोन नाही. सव्वा वाजला.

मंदाला फोनवर विमानाची माहिती बघता येत नाही. बघायचं धाडसच होत नाही, म्हणते. मी चष्मा लावून विमानाचा नंबर टाकला. पडद्यावर एकच शब्द आला, 'डायव्हर्टेड', म्हणजे दुसरीकडे वळवलेलं. मी फोन पालथा धरला.

"काय दिसतंय गं ताई?"

"रेंज नाही."

बहिणीशी मी सहसा खोटं बोलत नाही. त्या गल्लीत बोलले. कुटलेल्या मिरचीने सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलेलं असल्यामुळे माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पण सावंतकाकींनी माझा चेहरा पाहिला असावा. त्या मंदाचा दंड धरून म्हणाल्या, "भिऊ नको गो बाय. तुझा चेडू (मुलगी) शाना आसा." आणि मसाल्याच्या पिशव्या स्वतः उचलून चालायला लागल्या.

त्यानंतरचे दोन तास मी वर्णन करणार नाही. मंदाने तेच भांडं तीनदा घासलं, एवढंच सांगते. अकराव्या मजल्यावरच्या त्या खिडकीशी मी उभी होते आणि पहिल्यांदाच मला उंचीची भीती वाटत नव्हती, कारण दुसऱ्या भीतीने सगळी जागा घेतली होती.

साडेतीनला फोन वाजला. "आई, आत्ता उतरले मुंबईत. इंदूरला धावपट्टीवर दुसऱ्या कोणाचं तरी विमान टायर फुटून अडकलं होतं. मी भोपाळला नेलं, थांबले, मग इंदूर करून परत. सॉरी, फोन करायला जमलंच नाही."

"आणि ते?" मंदाने विचारलं. 'चेक' हा शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता.

"झालं आई. सही केली साहेबांनी."

मंदा जमिनीवर बसली ती बराच वेळ उठली नाही.

शुक्रवारी पल्लवी आम्हाला गिरगावात जेवायला घेऊन गेली. मंदा दमली होती, ती खानावळीतून परस्पर घरी गेली. मग आम्ही दोघीच चौपाटीकडे चालत निघालो. खानावळीत तिसऱ्यांचं सुकं (शिंपल्यांची सुकी भाजी) खाल्लं होतं. आम्हा नागपूरकरांना ती शिंपली सोडवायला अर्धा तास लागतो. चौपाटीवर ऊन होतं, माणसं कमी होती. तिथे मी विचारलं, "गेल्या वर्षी काय झालं होतं?"

"मी को-पायलट होते. एक सीनियर कॅप्टन विमान उतरवत होते. वेग जास्त होता, उंची जास्त होती. मी म्हटलं, 'गो अराउंड'. म्हणजे उतरायचं रद्द, परत वर. नियम असा आहे मावशी, दोघांपैकी कोणीही म्हटलं की वर न्यायचंच. त्यांनी नाही नेलं. मी दोनदा म्हटलं. धावपट्टी संपत आली तेव्हा कुठे थांबलो आम्ही."

"बाप रे!"

"कोणाला काही झालं नाही. पण मी रिपोर्ट दिला. चौकशी झाली, त्यांना पुन्हा ट्रेनिंगला बसवलं. आणि माझ्या फाइलमध्ये कोणीतरी लिहिलं, 'लवकर घाबरते'." ती हसली. "मग कॅप्टनच्या यादीतून नाव खाली. काही लोक कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर बसेनात. 'हिच्यासमोर जपून, ही लिहून देते.' इंटरव्ह्यूला एका साहेबांनी विचारलं, दोन वर्षांत घरचं काही प्लॅनिंग? माझ्याबरोबर चार पुरुष होते, त्यांना नाही विचारलं."

"सगळेच तसे?"

"नाही ना. काल ज्यांनी सही केली, त्यांनीच माझं नाव पुन्हा वर काढायला लावलं. कडक माणूस. भोपाळहून परत येताना एकच वाक्य बोलले, 'निर्णय कोणाला विचारून घेतला नाहीस, बरं केलंस.'" मग ती माझ्याकडे वळली. "रविवारी मुंबई-नागपूर माझी पहिली फ्लाइट आहे, कॅप्टन म्हणून. तू परत ट्रेनने जाणारेस?"

त्या प्रश्नाला हो म्हणायचं तर दगडाचं काळीज हवं. माझं नव्हतं.

रविवारी सकाळी उशिरा मी विमानात बसले. पट्टा इतका घट्ट केला की श्वास घेता येईना. मग हवाई सुंदरीनेच तो सैल करून दिला. शेजारी आपल्या नागपूरकडचे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, सफारीतले. घोषणा झाली. इंग्रजीत, हिंदीत, आणि मग मराठीत, "नमस्कार, मी कॅप्टन पल्लवी बोलतेय."

गृहस्थ माझ्याकडे वळले. "बाई चालवून राहिली का जी?"

"हो."

"पुरुष आहे ना पण कोणी संगं?"

"आहे," मी म्हटलं आणि डोळे मिटले. ती माझी भाची आहे, हे मी सांगितलं नाही.

वर गेल्यावर तासभर काही झालं नाही. ढगांकडे पाहायचं मी एकदा धाडसही केलं. नागपूर जवळ आलं तसं मात्र विमान हलायला लागलं. एप्रिलची दुपार, आपल्याकडचा तो तापलेला, वेडावाकडा वारा. याच वाऱ्याबद्दल मी फळ्यावर बाण काढून शिकवायचे. तो आता माझ्या खुर्चीखाली होता. झाडं दिसली, रस्ता दिसला, रस्त्यावरची मोटरसायकल दिसली. आता टेकणार, म्हणून मी हात आवळले. तेवढ्यात एक जोराचा हेलकावा बसला, इंजिनांचा आवाज एकदम प्रचंड वाढला आणि आम्ही पाठीवर ढकलल्यासारखे पुन्हा वर जायला लागलो. मागे कोणीतरी किंचाळलं. एक लहान मूल रडायला लागलं.

"म्हटलं होतं ना!" शेजारचे गृहस्थ ओरडले. "घाबरली बाई!"

मंदा आत्ता फोन हातात घेऊन बसली असेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मेले तर तिला दोन माणसांचं एकदम कळेल.

दोन-तीन मिनिटांनी आवाज आला. सावकाश, स्वच्छ मराठीत. "खाली वारा अचानक बदलला, म्हणून आम्ही उतरलो नाही. एक फेरी घेऊन पुन्हा येतोय. हे आमचं नेहमीचं काम आहे. पट्टे बांधलेले ठेवा." आपल्या माणसाचा आवाज कानात पडला की बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. दुसऱ्या वेळी चाकं धावपट्टीला टेकून विमान पूर्ण थांबेपर्यंत मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

उतरताना दाराशी दोघं उभे होते. पल्लवी, चार पट्ट्या लावलेली, आणि तिच्याहून वयाने दहा वर्षं मोठे को-पायलट देसाई. माझ्यापुढच्या सफारीवाल्या गृहस्थांनी पुढे होऊन देसाईंचा हात हातात घेतला. "वाचवलं साहेब तुम्ही. थँक्यू, कॅप्टन."

देसाईंनी हात सोडवून घेतला. "कॅप्टन मॅडम आहेत," ते म्हणाले. "मी को-पायलट."

गृहस्थ क्षणभर तसेच उभे राहिले. मागे रांग खोळंबली होती. मग पल्लवीकडे न बघताच त्यांनी कपाळाला हात लावल्यासारखं केलं आणि निघून गेले.

मी शेवटी थांबले. पल्लवीने माझे हात धरले. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"'गो अराउंड' देसाईंनी म्हटलं मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "विमान माझ्या हातात होतं. मला वाटत होतं, सांभाळता येईल. पहिलीच फ्लाइट, तू मागे बसलेली, असं वाटत होतं की उतरवूनच दाखवावं."

"मग?"

"मग काय? त्यांनी म्हटलं, मी वर नेलं."

देसाई कागदांवर काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकत होते.

"आईला सांगू का हे?" मी विचारलं.

"सांग. तिला खरं कळू दे."

विमानतळाबाहेर ऊन भाजत होतं. रिक्षात बसून मंदाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मिरचीच्या गल्लीतलं खोटंही सांगून टाकलं.

"ती घाबरली नव्हती ना ताई?"

"घाबरली होती. हात गार पडले होते तिचे."

"मग?"

"मग व्यवस्थित उतरवलं. आम्ही सगळे घरी निघालोय."

मी पाच दिवस मुंबईत राहिले, पण गेटवे पाहिला नाही, राणीची बाग पाहिली नाही, आणि पुन्हा विमानात बसेन का, ते आज सांगता येत नाही. फाइलमध्ये 'लवकर घाबरते' असं लिहिणाऱ्याला भेटता आलं असतं तर मात्र त्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची त्याला दिली असती.

रिक्षा वर्धा रोडला लागली तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं. परतीचं, मुंबईचं. रिक्षावाल्याने मानही वळवली नाही.

"कसला गं आवाज?" मंदाने विचारलं.

"तीच निघाली," मी म्हटलं. "उतरली की मला कळव."