गच्चीचं कुलूप

चष्मा कपाळावर सरकवायचा, उजवा तळहात तिकीट तपासनीसासारखा समोरच्याच्या पुढे धरायचा आणि शांतपणे विचारायचं, "कशावरून?"

मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये या हाताला घाबरत नव्हता असा माणूस नव्हता. हाताच्या मालकिणीला सगळे आंटी म्हणायचे. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन तिच्या सासरची. आधी तिथं कौलारू घर होतं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. मग बिल्डर आला. घर गेलं, पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि अंगणाच्या बदल्यात तोंडी शब्द मिळाला: आंटी, गच्ची तुमचीच समजा.

अंगण तिला हवं होतं मसाल्यासाठी. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला तुम्ही चाखला असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला पटेल. ऐन उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळकुंडं आणि असंख्य जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरायचे. सासूनं आणि आजेसासूनं ज्या जमिनीवर मिरच्या पसरल्या, त्याच जमिनीच्या वर, सातव्या मजल्याच्या डोक्यावर, आंटी पसरायची.

आता तो हात माझ्यापुढे कसा यायचा तेही सांगतो. एकदा आमचा मिक्सर बंद पडला. मी दोन बटणं दाबली, वास घेतला आणि जाहीर केलं, "मोटर जळली."

आंटी वाटीभर खोबरं मागायला आली होती. "कशावरून?"

"आवाजच येत नाही ना, आंटी."

"पंख्याचा येतो का?"

मी वर बघितलं. पंखा थांबलेला होता. लाइट गेले होते. मला घाम कशाचा येतोय, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्यांदा मी मुलीवर ओरडत होतो. गणितात मार्क कमी पडले होते आणि मी म्हणत होतो, हे सगळं फोनमुळे. आंटी दारातून म्हणाली, "तुझ्या वेळी फोन नव्हता ना रे? तुला किती पडायचे?" त्या दिवसापासून मुलगी आंटीची भक्त झाली, आणि बायको तर आधीपासूनच होती.

तर अशा बाईला आमच्या सेक्रेटरीनं डिवचलं. त्याचं घर सगळ्यात वर. एका एप्रिलमध्ये त्याच्या हॉलच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, ओल आली. रंग फुगला. तो गच्चीवर गेला, तिथं आंटीच्या मिरच्या दिसल्या, आणि त्याचा तपास संपला. "मागच्या वर्षीही मिरच्या आल्या तेव्हाच ओल आली. ही बाई गच्ची धुते, दगड आपटते, स्लॅबची वाट लावलीय." त्याच संध्याकाळी गच्चीला कुलूप लागलं. अर्धवट सुकलेल्या मिरच्या वॉचमननं गोणीत भरून आंटीच्या दारात टाकल्या.

गोणीतल्या मिरच्यांना बुरशी धरली. त्या वर्षी मसाला झाला नाही. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. कांडायला येणाऱ्या बायका दारातून परत गेल्या, तेव्हा आंटीनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मी सांत्वनाला गेलो. मला तेवढंच जमतं.

"आंटी, जाऊ दे ना. मिटवून टाका."

"दोन गोष्टी एका वेळी आल्या म्हणजे त्यांचं लग्न लागलं का रे?" ती म्हणाली. "मिरच्या उन्हाळ्यात येतात. आंबेही येतात. तुझी मेहुणीही येते. ओल मेहुणीमुळे आली म्हणतो का तो?"

"मग भांडा ना त्याच्याशी."

"थांब. माझीपण चूक असेल. आधी बघते."

बघायचं कसं, कुलूप तर त्याच्याकडे. पण बघण्यासारखं कुलपाबाहेरच होतं. मिरच्या गेल्या, तरी मे महिनाभर ओल वाढतच राहिली. सेक्रेटरी म्हणाला, आत मुरलेलं पाणी आहे. आंटीनं नुसतं "हं" केलं.

मग पाऊस आला, आणि पावसामागून गणपती. सेक्रेटरीकडे दीड दिवसाचा बसतो. बोलावणं सगळ्या बिल्डिंगला असतं, आंटी दरवर्षी जायची, त्या वर्षीही फुलं घेऊन गेली. बाहेर मुसळधार कोसळत होतं. आम्ही सगळे मूर्तीकडे बघत होतो, आंटी भिंतीकडे. मग तिनं भिंतीवरच्या एसीकडे बघून त्याच्या बायकोला अगदी गोड विचारलं, "एसी नाही लावत गं?"

"समई विझते ना. आणि पावसाळ्यात लागतोच कुठं, आंटी."

जिन्यात आंटी माझ्या कानाशी म्हणाली, "भिंत कोरडी ठणठणीत. गच्चीवर तळं, आणि भिंत कोरडी."

मला समजायला एक मजला लागला. "म्हणजे एसीच्या पाण्याचा पाइप? भिंतीतला?"

"असेल."

"मग आत्ताच सांगू या ना त्याला."

आंटी थांबली. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "आत्ता सांगितलं तर फक्त त्याची भिंत सुधारेल," ती म्हणाली.

वार्षिक सभा होईपर्यंत ती गप्प राहिली. गणपतीतला पाऊस मुरलेल्या जमिनीसारखी शांत. मीही गप्प राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस मी फार मजेत काढले. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटला की मी त्याच्या तब्येतीची चौकशी करायचो.

सभेत आंटी उठली. "पावसात भिंत कशी आहे रे तुझी?"

"आता बरी आहे. कुलूप लावल्यामुळे."

"चार महिने आभाळ फाटून पडलं त्यानं नाही गळली, मिरच्यांनी गळली? चल, वर जाऊ. एसी लाव."

तो नाही म्हणाला. मग आंटीनं हात पुढे केला. माझी बायको उठली, मागोमाग बाकीचे. सबंध सभा त्याच्या हॉलमध्ये जाऊन बसली. एसी लागला, दारं-खिडक्या बंद झाल्या, त्याच्या बायकोनं तोंड लहान करून चहा ठेवला. आम्ही थंडीनं कुडकुडत भिंतीकडे टक लावून बसलो. चहा झाला, दुसरा झाला. माझ्या मनात आलं, आंटी चुकली. आणि मग एसीच्या शेजारी रंग हळूहळू काळवंडत गेला. आंटीनं चष्मा डोळ्यांवर घेतला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "चावी."

"उद्या वॉचमनकडे देतो."

"गोणी वॉचमनकडून पाठवलीस. चावी तू आण. खाली, माझ्या दारात."

त्यानं आणली. दारं उघडी ठेवून आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यापासून गच्ची पुन्हा लाल झाली. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात मसाल्याची बाटली गेली, एक घर सोडून. सेक्रेटरीच्या बायकोनं आमच्याकडे वाटीभर मागून बघितला. आंटीनं मला आधीच दम दिला होता. मी म्हटलं, संपला. आमच्या घरात तेव्हा मटण शिजत होतं आणि वास सातव्या मजल्यापर्यंत पोचला असणार.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले आणि आंटीची मुलगी तिला वसईला न्यायला आली. आम्ही सगळे गेटपाशी जमलो. आंटी रिक्षात बसत होती, एवढ्यात सेक्रेटरी पुढे आला. त्याचे केस पांढरे झालेत आता. त्यानं हात जोडले. "आंटी, जुनं काही मनात ठेवू नका. राग नाही ना?"

आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात तिच्या वतीनं "नाही रे बाबा" म्हणून टाकलं होतं.

"आहे," आंटी म्हणाली.

मग तिनं पदर आत ओढून घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल." रिक्षा वळेपर्यंत ती बाजूनं मान बाहेर काढून मागे बघत होती. माझी बायको रडत हात हलवत होती, मुलगी हलवत होती, मीही हलवत होतो. आंटी आमच्यातल्या कुणाकडेच बघत नव्हती. हात जोडून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला नीट ऐकू गेलंय की नाही, तेवढं ती बघत होती.